आरएसएस, ॲटम की जेसन फीड? तालुक्याच्या बातम्या अन् बाजारभाव बाहेर पाठवायचे तर माझं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी दोन ओळीत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. तुम्ही अन् तुमचा भाऊ मिळून पांढरकवड्याकडं तालुक्याची साइट चालवता, तिच्यात गावच्या बातम्या, बाजार समितीचे कापूस-सोयाबीन-तुरीचे भाव अन् आठवड्यातून एकदा दहा मिनिटाचं ऑडिओ बातमीपत्र असतं. आता नागपूरची एक साइट तुमच्या बातम्या उचलायला तयार झाली, तुमच्या टेलिग्राम चॅनलवर बातमी आपोआप पडायला पाहिजे, अन् तीन ग्रामपंचायतींनी टीव्ही स्क्रीन लावले त्याच्यावर भाव दिसायला पाहिजेत. हे सगळं फीडनं होते, म्हणजे बातम्यांची अशी एक फाइल जी दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर आपोआप वाचून घेते; ती लिहायचे तीन प्रकार, आरएसएस अन् ॲटम (हे दोन एक्सएमएल या पद्धतीत लिहितात) अन् जेसन फीड (हे जेसन या पद्धतीत). साइट बनवणारा पोरगा म्हणून राहिला की जेसन फीड करू, एक्सएमएल आता जुनं झालं. नागपूरवाले म्हणतात आम्हाला आरएसएस पाहिजे. अन् तुम्ही कुठंतरी वाचलं की ॲटम सगळ्यात शिस्तीचं. तर घ्यायचं काय?

सरळ उत्तर : बाहेर सगळ्यांना आरएसएस २.० द्या, पण आतमध्ये तुमचा डेटा ॲटमच्या नियमानं ठेवा, अन् जेसन फक्त त्या ग्रामपंचायतीच्या स्क्रीनसाठी. तीनही फीड धडाधड चालू करू नका. मी सोळा-सतरा वर्षं झाले हेच काम करून राहिलो, हिंगणघाटाकडच्या साप्ताहिकांच्या साइटी, बाजारभावाचे मेसेज, आता हे फीड, अन् मला फीडमध्ये जितके म्हणून त्रास झाले त्यातले दहातले नऊ फॉरमॅट चुकीचा निवडला म्हणून झालेच नाहीत, ते झाले ओळख, तारीख अन् मराठी अक्षरं या तीन गोष्टी कच्च्या ठेवल्या म्हणून. त्यामुळं फॉरमॅट कोणता हे सांगतो, पण जास्त वेळ या तिघांवरच घालवणार आहे.

इतिहास थोडा माहीत पाहिजे, काहून की नावांमुळं लय घोळ होतो. ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीनं मार्च १९९९ मध्ये आरएसएस ०.९० काढलं, त्याच वर्षी जुलैत ०.९१ आलं. मग डिसेंबर २००० मध्ये एका वेगळ्या गटानं आरडीएफ या माहिती लिहायच्या पद्धतीवर बसवलेलं आरएसएस १.० काढलं (त्या गटात आरॉन स्वार्ट्झ हा प्रोग्रामर होता, तेव्हा तो १४ वर्षांचा होता), अन् सप्टेंबर २००२ मध्ये डेव्ह वायनर या प्रोग्रामरनं आरएसएस २.० आणलं. आता नंबर पाहून कोणालाही वाटेल की २.० हे १.० ची पुढची आवृत्ती, पण तसं नाही, २.० ही ०.९१ च्या घराण्यातली आहे अन् १.० हे वेगळंच घराणं. २००३ मध्ये २.० चं स्पेसिफिकेशन, म्हणजे नियमावली, हार्वर्डच्या बर्कमन सेंटरकडं दिलं गेलं अन् तिथंच ते जवळजवळ गोठवलं. ज्यांना त्यातला ढिलेपणा नको होता त्यांनी मग ॲटम बनवलं, ते डिसेंबर २००५ मध्ये आरएफसी ४२८७ म्हणून पक्कं झालं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे नंबर दिलेले कागद). जेसन फीड लय नंतरचं, मे २०१७, मँटन रीस अन् ब्रेंट सिमन्स या दोघांनी काढलं, ऑगस्ट २०२० मध्ये त्याची १.१ आवृत्ती आली. फीड वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हा लोक म्हणाले फीड संपलं, पण पॉडकास्ट आजही त्याच्यावरच चालून राहिले अन् यूट्यूबच्या प्रत्येक चॅनलची ॲटम फीड आजही निघते.

आता ओळख. फीडमधल्या प्रत्येक बातमीला एक आयडी असतो, आरएसएसमध्ये त्याला जीयूआयडी म्हणतात, ॲटम अन् जेसन फीडमध्ये नुसतं आयडी. घेणारा कार्यक्रम, म्हणजे सॉफ्टवेअर, मग तो टेलिग्रामवर आपोआप पोस्ट टाकणारा बॉट असो की नागपूरची साइट, तो आयडी पाहूनच ठरवतो की ही बातमी माझ्याकडं आहे की नवीन आली. हा तुमच्या शेताचा गट नंबर आहे असं समजा. मालक बदलला, पीक बदललं, बांध सरकला, तरी गट नंबर तोच राहतो म्हणून तलाठ्याला शेत सापडते. गट नंबरच दर हंगामाला बदलला तर सातबाऱ्याचा उपयोग काय राहील?

अन् नेमकं हेच होते जेव्हा आयडी म्हणून बातमीची लिंक वापरतात अन् लिंक मथळ्यावरून बनते. आपला मथळा मराठीत, तुम्ही प्रकाशित केल्यावर त्यातली एक वेलांटी दुरुस्त केली, सिस्टमनं लिंक नवी बनवली, आयडी बदलला, अन् सगळीकडं तीच बातमी दुसऱ्यांदा पडली. देवनागरी लिंकचं अजून एक, एकेक अक्षर टक्क्याच्या चिन्हासकट नऊ अक्षरांचं होऊन जाते, म्हणजे नुसता «कापूस», काना अन् ऊकार वेगळे धरून पाच तुकडे, ४५ अक्षरांचा, अन् कोणता सॉफ्टवेअर ते उलगडून ठेवते कोणता तसंच ठेवते, मग दोन्हीकडं जुळत नाही.

माझ्याकडून झालेली गोष्ट सांगतो. एका साप्ताहिकाची साइट मी एचटीटीपीवरून एचटीटीपीएस या सुरक्षित पत्त्यावर नेली, रात्री अकरा वाजता, तेव्हा वर्दळ नसते म्हणून. आयडी म्हणून आम्ही पूर्ण लिंक ठेवली होती. सुरुवातीचा एक एस वाढला अन् फीडमधल्या वीसच्या वीस बातम्या बॉटला नव्या वाटल्या, त्यानं सगळ्या चॅनलवर टाकून दिल्या. त्यात तीन आठवड्यांमागची एका म्हाताऱ्या गुरुजींच्या निधनाची बातमी होती. सकाळी सहापासून त्यांच्या घरी पुन्हा फोन सुरू झाले, बाहेरगावचे नातेवाईक विचारून राहिले की आता कोण गेलं. मी स्वतः त्यांच्या घरी गेलो, मुलाला भेटलो, माफी मागितली. तो काही बोलला नाही, चहा दिला. त्या दिवसापासून मी लिंकला आयडी कधीच करत नाही.

तर तुम्ही आयडी असा ठेवा की मथळा, लिंक, डोमेन काहीही बदललं तरी तो बदलणार नाही, डेटाबेसमधला बातमीचा नंबर घ्या अन् त्याच्या पुढं तुमच्या साइटचं नाव अन् एक वर्ष लावून टॅग यूआरआय, म्हणजे लिंक नसलेला कायमचा आयडी, बनवा, आरएफसी ४१५१ मध्ये त्याची पद्धत दिली आहे, गूगलची ब्लॉगर ही ब्लॉगसेवा आपल्या ॲटम फीडमध्ये तेच करते. आरएसएसमध्ये मात्र एक खुबी लक्षात ठेवा, जीयूआयडीला इझ-पर्मालिंक नावाचा गुणधर्म असतो अन् तो तुम्ही लिहिलाच नाही तर «हो» धरला जातो, म्हणजे वाचणारा समजतो की ही उघडणारी लिंक आहे. टॅग वापरला तर तिथं स्पष्ट फॉल्स लिहा. आरएसएस २.० मध्ये जीयूआयडी द्यायची सक्तीच नाही, नाही दिला तरी फीड पास होते, ॲटममध्ये अन् जेसन फीडमध्ये आयडी नसला तर फीड चुकीची. मी ॲटमची शिस्त म्हणून राहिलो ती ही. तुमची साइट वर्डप्रेसवर (साइट चालवायचं तयार सॉफ्टवेअर) असेल तर ही एक काळजी कमी, ते आयडी एकदाच बनवून डेटाबेसमध्ये ठेवते अन् नंतर मथळा बदलला तरी हात लावत नाही, आरएसएस अन् ॲटम दोन्ही आपोआप काढते.

तारीख. आरएसएसची तारीख जुन्या ईमेलच्या पद्धतीची असते, आरएफसी ८२२, म्हणजे वार अन् महिना इंग्रजी तीन अक्षरी, मग वेळ, मग प्लस ०५३०. ॲटम अन् जेसन फीडची आरएफसी ३३३९, वर्ष-महिना-दिवस आकड्यात अन् शेवटी प्लस ०५:३०, मध्ये कोलन. आरएसएसमध्ये कोलन नाही, इकडं कोलन पाहिजेच. साइट मराठी आहे म्हणून सर्व्हरची भाषा मराठी केली अन् फीडच्या तारखेतही «सोम, ०६ जाने» येऊन राहिलं असं मी दोन ठिकाणी पाहिलं, घेणाऱ्याला ती तारीख वाचताच येत नाही, मग तो एकतर बातमी सोडून देतो नाहीतर आत्ताची वेळ लावून टाकतो. अन् वेळेच्या शेवटी आयएसटी ही तीन अक्षरं तर लिहूच नका. आरएफसी ८२२ मध्ये आयएसटी नावाचा टाइमझोनच नाही, आयएसटी इस्रायलचाही होते अन् आयर्लंडचाही, बरेच कार्यक्रम न समजल्यामुळं त्याला जीएमटी धरतात. मग संध्याकाळी सातची बातमी रात्री साडेबाराची होऊन बसते, फीडमध्ये सगळ्यात वर चिकटते अन् पुढच्या साडेपाच तासातल्या बातम्या तिच्याखाली जातात.

आता भावाची गोष्ट, अन् इथं मला खरंच ॲटम आवडते.

बातमी एकदा लिहिली की बहुतेक तशीच राहते. भाव तसा नाही. सकाळी लिलाव सुरू झाल्यावर एक आकडा येतो, दुपारी आवक वाढली की सर्वसाधारण दर हलतो, अन् संध्याकाळी समितीचा पक्का तक्ता येतो ज्यात आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण असे चार आकडे असतात. म्हणजे एकच नोंद दिवसात तीनदा बदलते. आरएसएस २.० मध्ये एका आयटमला, म्हणजे नोंदीला, एकच तारीख आहे, प्रकाशनाची. बदल कधी केला हे सांगायला जागाच नाही. ॲटममध्ये दोन आहेत, पब्लिश्ड अन् अपडेटेड, अन् अपडेटेड तर सक्तीची, तिचा अर्थही लिहून ठेवला आहे की प्रकाशकाला महत्त्वाचा वाटेल असा शेवटचा बदल कधी झाला. एखादा अनुस्वार सुधारला तर ती हलवू नका, आकडा बदलला तर हलवा. जेसन फीडमध्येही प्रकाशनाची अन् बदलाची तारीख वेगळी देता येते, पण दोन्ही ऐच्छिक.

दिवाळीनंतरच्या सोयाबीनच्या गर्दीत आमच्याकडं असं झालं. ४,२५० च्या जागी ५,२५० टाइप झालं. वीस मिनिटात मला दिसलं, मी साइटवर दुरुस्त केलं, फीडमध्येही आपोआप आकडा बदलला, मी समाधानानं घरी गेलो. पण फीडमध्ये जीयूआयडी तोच, तारीखही तीच. घेणाऱ्या दोन साइटींनी पाहिलं, म्हणाल्या हे तर आमच्याकडं आहे, अन् पुढं गेल्या. त्यांच्याकडं ५,२५० रात्रभर तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी एक काका ट्रॅक्टर भाड्यानं करून २२ पोते घेऊन आले, त्यांचा दोन आठवडे थांबायचा विचार होता पण तो भाव पाहून निघाले. गेटवर मोबाइल काढून मला तो आकडा दाखवला, स्क्रीनला तडा गेलेला, बोटानं दाबून दाखवून राहिले की हे पाय, हे तुमच्याच नावानं आहे ना. होतं आमच्याच नावानं. माल परत न्यायला पुन्हा भाडं, म्हणून त्यांनी त्याच दिवशी मिळेल त्या भावानं विकला.

म्हणून भावाच्या बाबतीत मी आता तीन गोष्टी करतो अन् तुम्हालाही सांगून राहिलो. एक, आरएसएस दिलं तरी त्यात ॲटमची नेमस्पेस (हा टॅग ॲटमचा आहे अशी नोंद) जोडून अपडेटेड ही तारीख घालतो, आरएसएस २.० मध्ये बाहेरचे टॅग असे जोडायला परवानगी आहे, ज्याला समजते तो वाचतो, ज्याला नाही समजत तो सोडून देतो. दुसरं, आकडा चुकला असेल तर जुनी नोंद तर दुरुस्त करायचीच, पण वरून एक नवीन आयटम नव्या आयडीनं, मथळ्यात पहिलाच शब्द «दुरुस्ती», चुकलेला आकडा अन् बरोबर आकडा दोन्ही लिहून. काहून की समोरचा अपडेटेड पाहतो की नाही हे तुमच्या हातात नाही, ॲटम दिलं तरी नाही, पण नवीन आयटम तो नक्की घेतो. तिसरं, सकाळचा कच्चा आकडा फीडमध्ये टाकतच नाही. साइटवर दाखवतो, फीडमध्ये फक्त समितीचा पक्का तक्ता, दिवसाला एका पिकाला एक नोंद.

मराठी अक्षरांचं आता. फीड यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये ठेवा हे सगळेच सांगतात, पण तेवढ्यानं होत नाही. आपल्याकडं बातम्या देणारे निम्मे लोक अजून जुन्या डीटीपीच्या फाइलीतून मजकूर काढतात, श्रीलिपी किंवा कृतीदेवमधून युनिकोड करून, किंवा वर्डमधून कॉपी-पेस्ट. वर्डमध्ये शिफ्ट-एंटर मारून ओळ तोडली की कधीकधी त्याच्यासोबत एक न दिसणारं कंट्रोल कॅरेक्टर येते, व्हर्टिकल टॅब. डोळ्याला काही दिसत नाही, साइटवर बातमी छान दिसते. पण एक्सएमएल १.० मध्ये ते अक्षर चालतच नाही, एस्केप करूनही, म्हणजे त्याच्या जागी कोड लिहूनही, चालत नाही, तिथं फक्त टॅब अन् ओळ तोडायची दोन, एवढेच कंट्रोल कॅरेक्टर मान्य. अन् एक्सएमएलचा नियम असा कडक की एक चूक झाली की पूर्ण फाइल नापास, ती एक बातमी नाही, सगळी फीड बंद. त्या बातमीखालच्या बाकी एकोणीस बातम्या कोणालाच मिळत नाहीत. जेसनमध्ये लायब्ररी ते अक्षर एस्केप करून पाठवते अन् फीड चालू राहते, इथं जेसनवाल्या पोराचं म्हणणं बरोबर आहे हे मी मान्य करतो. पण उपाय फॉरमॅट बदलणं नाही, बातमी सेव्ह होतानाच असले अक्षरं गाळून टाकणं आहे, एका ओळीचं काम.

पण गाळताना सांभाळा! काही जण जोशात येऊन न दिसणारे सगळेच अक्षरं उडवतात, त्यात झीरो विड्थ जॉइनर हे जोडाक्षराचं रूप ठरवणारं अक्षरही जातो. मराठीत तो लागतो. «शेतकऱ्यांना» मधला तो आडवा र काही कीबोर्डवर र, हलंत अन् जॉइनर असा टाइप होतो, जॉइनर उडवला की «शेतकर्यांना» होऊन जाते, र य च्या डोक्यावर चढतो. एका साइटवर दोन महिने असे शेतकरी रोज छापून येत होते अन् साइटवाल्याला वाटत होतं बातमीदाराचं शुद्धलेखन कच्चं आहे.

मथळ्याचं सांगतो. तुमच्या इथं हंगामात असा मथळा येणारच की ओलावा १२ टक्क्यांच्या आत असेल तरच खरेदी, अन् जागा वाचवायला कोणीतरी तिथं लेस दॅनचं (<) चिन्ह घालेल. एचटीएमएल या वेबपानाच्या भाषेत त्याच चिन्हानं टॅग सुरू होतो. आरएसएसच्या स्पेसिफिकेशनमध्ये हे कुठंच नीट सांगितलेलं नाही की मथळा साधा मजकूर आहे की एचटीएमएल, त्यामुळं एक रीडर ते चिन्ह दाखवतो, दुसरा टॅग समजून त्याच्यापुढचं सगळं खाऊन टाकतो अन् मथळा उरतो नुसता «ओलावा». ॲटममध्ये प्रत्येक मजकुराला टाइप देता येतो, टेक्स्ट, एचटीएमएल किंवा एक्सएचटीएमएल, मग वाद राहत नाही. जेसन फीडमध्ये बातमीच्या मजकुराला टेक्स्ट अन् एचटीएमएलचे दोन वेगळे खानेच आहेत, अन् मथळा साधा मजकूरच असतो. आरएसएसवर राहायचं तर मथळ्यात ते चिन्ह अन् «अँड»चं (&) चिन्ह टाळा, शब्दात लिहा. पूर्ण बातमी डिस्क्रिप्शनमध्ये कोंबू नका, तिथं दोन ओळींचा साधा सारांश ठेवा, अन् पूर्ण एचटीएमएल कंटेंट-एन्कोडेड या जोडटॅगमध्ये सीडाटा (आतला मजकूर टॅग म्हणून वाचू नका असं वेष्टन) लावून द्या. फोटोच्या लिंका पूर्ण पत्त्यासकट, नाहीतर नागपूरच्या साइटवर तुमचे फोटो त्यांच्याच डोमेनवर शोधले जातील अन् रिकामी चौकट दिसेल.

ऑडिओबद्दल विचार करायची गरजच नाही. पॉडकास्ट म्हणजे आरएसएस २.० अन् त्यातला एन्क्लोजर हा टॅग, ॲपललाही तेच लागते अन् स्पॉटिफायलाही. एन्क्लोजरमध्ये तीन गोष्टी, फाइलची लिंक, बाइटमध्ये साइज अन् प्रकार. साइजच्या जागी लोक मिनिटं लिहून ठेवतात, ते बाइटच पाहिजे. भाषेच्या टॅगमध्ये मराठीचा दोन अक्षरी कोड द्या. मुखपृष्ठाचं चित्र चौकोनी, १४०० ते ३००० पिक्सेलच्या मध्ये. अन् पॉडकास्टची फीड बातम्यांच्या फीडपासून वेगळी ठेवा, एकत्र केली तर बॉट अन् पॉडकास्ट ॲप दोघंही गोंधळतात.

जेसन कुठं, तर ग्रामपंचायतीच्या स्क्रीनवर. तिथं टीव्हीला एक ब्राउझर जोडलेला असेल, त्यात जावास्क्रिप्ट चालून राहील, तिला जेसन वाचायला एक ओळ लागते. जेसन फीडमध्ये स्वतःचे खाने जोडता येतात, खान्याच्या नावाची सुरुवात अंडरस्कोरनं करायची असा नियम, म्हणजे आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण हे चार आकडे मजकुरातून उचकटून काढायची गरज नाही, आकडे म्हणूनच पाठवता येतात. आरएसएसमधून भाव पाठवले तर समोरचा मजकुरात शोधत बसेल की ४,२५० हा किमान की कमाल. सर्व्हरवर दुसऱ्या डोमेनला वाचायची परवानगी देणारं हेडर (फाइलीसोबत जाणारी सूचना) मात्र चालू करायला सांगा, नाहीतर ब्राउझर अडवेल अन् पोरगा दोन दिवस फीडमध्येच चूक शोधेल.

जेसन काढताना आपल्या भाषेचा एक खर्च आहे. बऱ्याच भाषांची लायब्ररी देवनागरी अक्षर जसंच्या तसं न लिहिता बॅकस्लॅश-यू अन् चार आकडी कोड असं लिहिते. «कापूस» मध्ये युनिकोडचे पाच तुकडे, यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट, तसं एस्केप केलं तर ३०. सरळ दुप्पट. पायथॉनमध्ये एन्शुअर-ॲस्की फॉल्स करा, पीएचपीत अनएस्केप्ड युनिकोडचा पर्याय द्या, बस. जीझिप (फाइल दाबून लहान करून पाठवणं) चालू असेल तर हा फरक बराचसा दबतो, पण तुमच्या तिकडं टॉवर कसा आहे तुम्हाला माहीत, पाऊस आला की टूजीवर उतरते.

अन् नेटवर्कचा हिशोब कराच. २,५०० अक्षरांच्या वीस पूर्ण बातम्या म्हणजे जवळपास १५० केबी. घेणारा दर पंधरा मिनिटाला आला तर दिवसाचे ९६ फेरे, १४ एमबीच्या वर, अन् त्यातल्या नव्वद वेळा फीडमध्ये बदल काहीच नसतो. म्हणून सर्व्हरनं ईटॅग अन् लास्ट-मॉडिफाइड ही दोन हेडर द्यायलाच पाहिजेत, म्हणजे घेणारा विचारतो बदललं का, सर्व्हर म्हणतो ३०४, नाही बदललं, अन् विषय संपला. तुमचा पोरगा फीड दरवेळी नव्यानं बनवत असेल अन् तिच्यात «फीड बनवल्याची वेळ» म्हणून आत्ताची वेळ टाकत असेल तर फाइल दर मिनिटाला वेगळी दिसेल अन् ३०४ कधीच जाणार नाही, हे तपासा. बातमी सेव्ह झाली की फीडची फाइल एकदाच बनवून ठेवा, सर्व्हर ती नुसती उचलून देईल. भाव तात्काळ पोचायला पाहिजे असेल तर वेबसब आहे, वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेनं २०१८ मध्ये पक्कं केलं, त्यात तुम्ही मधल्या एका सर्व्हरला कळवता की नवीन आलं अन् तो लगेच समोरच्याला पोचवतो. पण नागपूरवाल्यांना ते येत असेल तरच, आधी विचारा.

स्क्रीनवर अजून एक. लाइट गेली, नेट गेलं, तर स्क्रीन शेवटचा भाव धरून ठेवेल, ते चांगलंच, पण आकड्याच्या खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात तारीख अन् वेळ दिसली पाहिजे. परवाचा भाव आजचा म्हणून कोणी वाचू नये. गेटवरचे ते काका मला अजून आठवतात म्हणून हे सांगून राहिलो.

नागपूरवाल्यांशी बोलताना फॉरमॅटवर वाद घालू नका, त्यांना आरएसएस पाहिजे तर द्या, पण चार प्रश्न विचारून घ्या अन् उत्तर लेखी घ्या : आयडी तोच ठेवून मजकूर बदलला तर तुम्ही बदलता का, बातमी आम्ही काढून टाकली तर तुमच्याकडून निघते का, पूर्ण बातमी घेणार की सारांश, अन् किती मिनिटाला येणार. दुसऱ्या प्रश्नावर सगळे गडबडतात, काहून की आरएसएसमध्ये, ॲटममध्ये, जेसन फीडमध्ये, कशातच मुळात «ही बातमी काढली» असं सांगायची सोय नाही, फीडमधून गायब झाली याचा अर्थ जुनी झाली असाही होतो. ॲटमसाठी नंतर वेगळी आरएफसी आली त्याची, ६७२१, पण वाचणारे कमी. कोण्या मुलीचं नाव चुकून छापलं गेलं तर फोन करूनच काढावं लागते, म्हणून तिकडच्या एका माणसाचा नंबर पाहिजेच.

चालू करायच्या आधी एक खोटी बातमी बनवा, मथळ्यात «शेतकऱ्यांना», मजकुरात लेस दॅनचं चिन्ह, एक फोटो, वर्डमधून पेस्ट केलेला एक परिच्छेद. ती डब्ल्यूथ्रीसीच्या फीड व्हॅलिडेटरमधून, म्हणजे चुका तपासणाऱ्या साइटवरून, काढा, मग टेलिग्रामच्या एका रिकाम्या चॅनलवर पाठवा, मग मथळा बदलून पुन्हा सेव्ह करा अन् पाहा दुसऱ्यांदा पडते का. पडली तर आयडी चुकला, तिथंच थांबा. नाही पडली तर नागपूरला पत्ता द्या. अन् एकदा दिलेला पत्ता मग पाच वर्षांनी साइट बदलली तरी बंद करू नका, जुन्यावरून नव्यावर ३०१ (पत्ता कायमचा बदलला अशी सर्व्हरची सूचना) लावून ठेवा, तुम्हाला माहीतही नसलेला कोणीतरी तिथून रोज तुरीचा भाव घेत असतो.